दिवाळीची भिंत आणि पुंडलिकाची वीट



हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा दसऱ्याचे सोने वाटून झालेले असेल, कोजागिरीपासून देवळात काकडा सुरू झालेला असेल, आणि घरोघर एकच गडबड उडालेली असेल. माळ्यावरची भांडी खाली आली असतील, चुना भिजत पडला असेल. कोणी ओल धरलेल्या भिंतीचा गिलावा खरवडत असेल, कोणी न्हाणीघरात नव्या फरश्या बसवीत असेल, तर कोणी भर आश्विनात म्हणत असेल, 'एवीतेवी हात घातलाच आहे, तर स्वयंपाकाचा ओटाही नवा करून टाकू!' या 'एवीतेवी'ने जेवढी घरे खणली तेवढी उंदरांनीही खणली नसतील.

घर नीटनेटके करावे यात वावगे काहीच नाही. आमचा प्रश्न निराळा आहे. घर नीट होत असता घरातली माणसे कोठे असतात? भिंतीला रंग चढतो तेव्हा माणसांच्या तोंडावरचा रंग उतरतो की राहतो? या एका प्रश्नाचा आज आपण मिळून विचार करू.

कोणी म्हणेल, 'बुवा, हे निरूपणाचे पान. येथे चुन्यामातीच्या गोष्टी कशाला?' त्यावर आमचे उत्तर असे की, आपला पंथ प्रपंच सोडून रानात गेलेल्यांचा नाही. आपले संत म्हणजे कुंभार, माळी, शिंपी, सोनार, दळणकांडण करणारी जनाबाई. ज्याच्या त्याच्या हाती ज्याचे त्याचे काम होते आणि त्या कामातच त्यांना देव भेटला. आणि आपला देव तरी कशावर उभा आहे? सिंहासनावर नाही, कमळावर नाही, तर विटेवर. ज्या विटेची आपण भिंत बांधतो त्याच जातीच्या विटेवर. मग विटामातीची गोष्ट वारकऱ्याने नाही करावयाची तर कोणी करावयाची?

त्या विटेची कथा आपण हजार वेळा ऐकली आहे. आज ती घरमालकाच्या कानांनी ऐकू. पुंडलिक आईबापांचे पाय चेपीत बसला होता. दारात साक्षात परब्रह्म येऊन उभे राहिले. पुंडलिकाने मागे वळून पाहिले आणि हाताशी होती ती वीट भिरकावून दिली. यावर जरा थांबा, म्हणजे आईबाप निजेपर्यंत थांबा. देव थांबला, तो आजतागायत थांबला आहे.

आता पाहा, त्या घरात तीन गोष्टी होत्या: म्हातारे आईबाप, पाहुणा म्हणून आलेला देव आणि वीट. पुंडलिकाने त्यांचा क्रम लावून दिला. पहिले आईबाप, दुसरा देव, तिसरी वीट. विटेचा मान मोठा, पण तो दुसऱ्याच्या पायांखाली जाण्याने मोठा. पुंडलिकाच्या भक्तीचे सगळे सार या क्रमात आहे. आणि आपण सणाच्या तोंडावर काय करतो? वीट पहिली घेतो. तिच्यासाठी देव पाटीत भरून फळीवर ठेवतो, आणि आईबापांची वळकटी पडवीत टाकतो. सामग्री तीच, घर तेच. क्रम तेवढा उलटा. एवढ्या एका उलट्या क्रमाने पुंडलिकाचे घर आपले घर होऊन बसते.

हे आम्ही लोकांवर दोष ठेवण्यासाठी लिहीत नाही. हा अपराध आमच्या हातून झाला आहे. पोथीपुढे बसून इतरांस पुंडलिक सांगणाऱ्या आम्हीच तो केला आहे, म्हणून मोकळेपणाने सांगतो.

ही गोष्ट २०१७ सालची. त्या वर्षी वैशाखात आमच्या थोरल्या मुलीचे लग्न झाले होते, म्हणजे जावईबापूंचा दिवाळसण आमच्या घरी. दिवाळी त्या वर्षी लवकर आली. दसरा ३० सप्टेंबरला आणि लक्ष्मीपूजन १९ ऑक्टोबरला. आमच्या घराला दोन भिंतींना ओल होती. एक बैठकीची आणि दुसरी आईच्या खोलीची. खरे सांगावयाचे तर बैठकीची ओल हातभर होती, आईच्या खोलीची पुरुषभर. पण आम्ही आधी हात घातला तो बैठकीच्या भिंतीला. का? तर जावई बैठकीत बसणार होते. आई काय, घरचीच!

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गवंडी आला. गवंडी दुसऱ्या तालुक्यातला, भला माणूस. त्याची बायकोही त्याच्या हाताखाली कामाला होती, आणि दोन लेकरे गावी आजीपाशी ठेवलेली. गिलावा पाडला आणि परतीचा पाऊस सुरू झाला. चार दिवस काम बंद. देवघर बैठकीलगत असल्यामुळे देव पाटीत घालून फळीवर ठेवले. आईची बाज पडवीत आली. तिची हरिपाठाची जागा देवघरापुढची. तेथे वाळूचा ढीग पडला. आई काही बोलली नाही. परसात विटांची थप्पी रचलेली होती. संध्याकाळ झाली की ती फळीवरची देवांची पाटी उतरवी, मांडीवर घेऊन त्या विटांवर बसे आणि हरिपाठ म्हणे. आम्ही ते येता-जाता पाहत होतो. पाहत होतो आणि दिसत नव्हते, असे म्हटले पाहिजे.

आमचा धाकटा तेव्हा दहा वर्षांचा. दरवर्षी अंगणात किल्ला करावयाचा त्याचा नेम. तो येऊन म्हणाला, 'बाबा, चार विटा आणि दोन घमेली वाळू द्या ना.' आम्ही म्हणालो, 'वाळू मोजून आणलीय. खेळ कसले सुचतात तुला?' तो मुकाट्याने गेला. सौभाग्यवतींनी तीन दिवस तांदूळ भिजवून, सुकवून, कुटून अनारशाचे पीठ गुळात घालून मुरत ठेवले होते. त्याचे झाकण सरकले आणि वरून चुन्याची पूड पडली. सगळे पीठ वाया गेले. त्या एवढेच म्हणाल्या, 'अहो, घर सजतंय का मोडतंय, तेवढं एकदा सांगा.' आम्ही उत्तर दिले ते येथे लिहिण्याजोगे नाही.

असे करता करता १६ ऑक्टोबर उजाडला. त्या दिवशी वसुबारस. बैठकीची भिंत झाली होती, आईच्या खोलीची निम्मी राहिली होती. दुपारी गवंडी हात धुऊन आला आणि म्हणाला, 'महाराज, आज संध्याकाळची गाडी धरतो. पोरं वाट बघत्यात.' आम्ही म्हणालो, 'मिस्त्री, एवढी बाजू ओढून घ्या. उद्या सकाळी खुशाल जा. एका दिवसानं काय होतंय?' त्याने बायकोकडे पाहिले, बायकोने जमिनीकडे पाहिले, आणि दोघे पुन्हा कामाला लागले. दिव्याच्या उजेडात रात्री नऊपर्यंत त्यांनी ती भिंत पुरी केली.

त्याच मध्यरात्रीपासून एस.टी.च्या कामगारांचा राज्यभर संप सुरू झाला. तो पुढे चार दिवस, २० ऑक्टोबरपर्यंत चालला. त्या कामगारांचे त्यांच्यापाशी दुःख होते, त्यांना आम्ही बोल लावीत नाही. बोल आहे तो आमच्या 'उद्या'ला. सकाळी नवराबायको स्टँडवर गेली आणि डोक्यावर गाठोडी घेऊन परत आमच्या फाटकात येऊन उभी राहिली. एक शब्द बोलली नाहीत. परसातल्या त्याच विटांवर टेकली. आमच्या आईने त्यांना पाणी दिले आणि आमच्याकडे एकदा पाहिले. दुपारी कांद्याच्या टेंपोत बसून ती निघाली. टेंपोने अर्ध्या वाटेवर सोडले, रात्र एका देवळात काढली, उरलेली वाट चालली, आणि दुसऱ्या दिवशी उन्हे वर आल्यावर घरी पोचली. तो दिवस नरकचतुर्दशीचा. लेकरांना उटणे लावून पहिली आंघोळ घालावयाची ती आईने, पण ती आजीने घातली होती. हे त्यानेच पुढे, काम पुरे करावयास आल्यावर, सहज बोलता बोलता सांगितले. तक्रार म्हणून नव्हे. आम्हांला मात्र ते आजही सहज आठवत नाही.

जावई आणि मुलगी मोटारसायकलवरून भाऊबीजेला, २१ तारखेला आली. बैठकीत नवा रंग झळकत होता. जावईबापूंनी त्या भिंतीकडे पाहिलेही नाही. बूट काढता काढता त्यांनी विचारले, 'आजी कुठं आहेत?' आजी परसात, विटांवर. मुलगी धावत गेली. तिने ताट तेथेच नेले, विटांवर पाट टाकला, भावाला तेथेच ओवाळले आणि जावई आजीच्या पायाशी जमिनीवर बसून फराळ करू लागले. आम्ही रंगवलेल्या बैठकीच्या दारात उभे राहून हे पाहत होतो. ज्यांच्यासाठी बैठक सजवली ते सगळे विटांपाशी, आणि बैठकीत आम्ही एकटे.

तेव्हा डोक्यात लख्ख उजेड पडला. देव विटेवर उभा आहे हे आम्ही वीस वर्षे कीर्तनात सांगत होतो. आमच्या परसात सतरा-अठरा संध्याकाळी आमची आई मांडीवर देव घेऊन विटांवर बसली होती, ते आम्हांला दिसले नव्हते.

गोष्ट येथे संपली असती तर गोड म्हणता आली असती. ती संपली नाही. कार्तिकी एकादशी ३१ ऑक्टोबरला होती. बाळंतपणाची दोन वर्षे सोडली तर सासरी आल्यापासून आईने कार्तिकी चुकवली नव्हती. त्या वर्षी आम्ही तिला घेऊन जावयाचे ठरले होते. पण गाठीचे पैसे भिंतींत गेले होते, तिच्या खोलीचे काम अर्धे पडले होते, गवंडी परत यावयाचा होता, आणि आम्ही म्हणालो, 'आई, या वर्षी राहू दे. पुढच्या वर्षी नक्की.' खरे पाहता निघता आले असते. पैसे उसने मिळाले असते, खोली आठ दिवस थांबली असती. आम्ही थांबवले ते आईला. शेजारची बाई दिंडीबरोबर निघाली, तेव्हा आई फाटकापर्यंत गेली आणि तिच्यापाशी निरोप दिला. म्हणाली, 'पांडुरंगाला सांग, औंदा घरात पसारा हाय. म्होरल्या वर्षी येते म्हणावं.'

म्होरल्या वर्षी गुडघ्यांनी साथ सोडली. २०१९ साली आम्ही गाडी ठरवली, तर तिला उंबऱ्याबाहेर बसवेना. २०२० साली महासाथीमुळे कार्तिकीचा सोहळाच मोजक्या लोकांत झाला. २०२१ च्या चैत्रात आई गेली. तिचा तो निरोप पंढरीत अजून तसाच आहे. आणि ज्या भिंतीसाठी हे सारे केले तिचे काय झाले म्हणाल, तर बैठकीचा रंग त्याच होळीपर्यंत पोपडे होऊन गळाला.

तो का गळाला हेही सांगतो, म्हणजे कोणाच्या तरी उपयोगी पडेल. सिमेंटचा गिलावा केला म्हणजे त्यावर निदान सात दिवस पाणी मारावे लागते, नाही तर त्याला चिरा जातात. रंग द्यावयाचा तर नवी भिंत आतून सुकावयास महिनाभर तरी मोकळी ठेवावी लागते. दसऱ्यापासून वसुबारसेपर्यंत तिथी भरतात सतरा. म्हणजे दसऱ्याला गिलावा काढणाऱ्याची भिंत दिवाळीला रंग घेण्याजोगी होऊच शकत नाही. भिंतीला आपल्या तिथ्या कळत नाहीत. ती आपल्या वेळेने सुकते. आम्ही पाचव्या दिवशी रंग फासला. आतली ओल आतच कोंडली, आणि सवड मिळताच रंग फोडून बाहेर आली.

घरातल्या माणसांचेही असेच होते. वरून सण साजरा झाला, नवे कपडे झाले, फराळ झाला. पण आत जे बोलून ठेवलेले असते, 'वाळू मोजून आणलीय' म्हणून, 'आई घरचीच' म्हणून, ते आत कोंडलेले राहते. पुढल्या दिवाळीला आम्ही आपणहून धाकट्यासाठी विटा काढून ठेवल्या. तो म्हणाला, 'नको बाबा, आता मी मोठा झालो.' एका वर्षात मोठा झाला!

आता चुन्याचाच एक दृष्टांत घ्या. चुनकळी पाण्यात टाकली की तिला उकळ्या फुटतात, पाणी खदखदते, वाफा निघतात. त्या वेळी जो तिच्यात हात घालील त्याचा हात भाजेल आणि थेंब उडाला तर डोळा जाईल. जाणता माणूस ती कळी रात्रभर निवू देतो, दुसऱ्या दिवशी फडक्यातून गाळतो, चिमूटभर नीळ घालतो, आणि मग भिंतीला लावतो. तीच जहाल कळी मग चांदण्यासारखी थंड दिसते. सणाच्या दिवसांत आपले मन चुनकळी झालेले असते. पैसे पुरत नाहीत, माल वेळेवर येत नाही, गवंडी हात आखडता घेतो, पाहुण्यांची तारीख तोंडावर आलेली. उकळी फुटणारच. पण ती उकळी निवण्याच्या आत आपण ती बायकोवर, लेकरावर, कामकऱ्यावर ओततो. नामस्मरणाचा उपयोग काय, असे पुष्कळजण विचारतात. नाम हे निववणारे आहे, आणि नाम हेच गाळून घेण्याचे फडके आहे. तोंडून शब्द निघण्यापूर्वी एकदा 'विठ्ठल' म्हणा. तेवढ्या अवधीत निम्मी कळी विझते.

तेरच्या गोरोबाकाकांची कथा आठवा. चिखल तुडवता तुडवता ते नामात इतके रंगले की रांगत आलेले पोटचे बाळ पायांखाली आले तरी कळले नाही. ऐकताना अंगावर काटा येतो. काही जण विचारतात, एवढे कसे भान नव्हते? आम्ही म्हणतो, आधी आपल्या पायांखाली पाहा. गोरोबांचे भान हरपले ते नामाने, आणि ज्याच्या नामाने हरपले त्याने ते बाळ पंढरीत पुन्हा रांगत आणून दिले. आपले भान हरपते ते चुन्याने आणि फरशीने. आपल्या पायांखाली किल्ला मागणारे पोर येते, पीठ मळणारी बायको येते, पडवीत खोकणारी म्हातारी येते. आणि फरशी काही कोणाचे बाळ परत आणून देत नाही.

तसेच भिंत बांधणाऱ्याचे. आपल्या परंपरेत एक संत भिंत बांधतानाच गेला. मंगळवेढ्याचे गावकूस बांधताना, शके १२६० म्हणजे सन १३३८ मध्ये, भिंत कोसळली आणि चोखोबा तिच्याखाली सापडले. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी पंढरीस आणल्या, आणि आज महाद्वारापुढे चोखोबांची समाधी आहे. देवाच्या दर्शनाला जाताना त्या समाधीपुढे आपण हात जोडतो. पण घरी येऊन आपल्या भिंतीवर राबणाऱ्याला म्हणतो, 'एका दिवसानं काय होतंय?' त्याच्या घरीही तुळस आहे. त्याच्याही दारात कोणी पणती लावून वाट पाहत आहे. चोखोबांना हात जोडावयाचे आणि गवंड्याची दिवाळी अडवावयाची, हे दोन्ही एका माणसाला शोभत नाही.

यावर कोणी म्हणेल, 'म्हणजे घर काळवंडलेलेच ठेवावयाचे काय? घाण राहू द्यावयाची काय?' नव्हे, मुळीच नव्हे. गाडगेबाबांचे आयुष्यच खराट्याचे. दिवसा गाव झाडावे आणि रात्री कीर्तनात माणसांची मने झाडावीत, हा त्यांचा क्रम. २० डिसेंबर १९५६ रोजी त्यांनी देह ठेवला, तोवर पंढरपूर, आळंदी, नाशिक येथे परक्यांसाठी धर्मशाळा उभ्या केल्या आणि स्वतःसाठी एक खोली बांधली नाही. तेव्हा झाडणे, सारवणे, बांधणे ही सेवाच आहे. कोणासाठी बांधतो आणि बांधताना कोणाला उठवतो, एवढेच पाहावयाचे.

तेव्हा आमच्या फजितीतून शिकलेल्या चार गोष्टी आपल्यापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट, पाडापाडीचे काम चैत्र-वैशाखात करावे. भिंती कोरड्या असतात, दिवस मोठे असतात. दिवाळी अधिक महिन्याच्या हिशेबाने मागेपुढे होते; २०१७ साली लक्ष्मीपूजन १९ ऑक्टोबरला आले, तर २०२३ साली १२ नोव्हेंबरला. लवकर आली तर परतीच्या पावसाने भिंती ओल्याच असतात. दिवाळीला जाळी काढावीत, भांडी घासावीत, चुन्याचा एक हात द्यावा, दारात सडा घालावा. सणाला तेवढे पुरते.

दुसरी गोष्ट, देवघर आणि म्हाताऱ्या माणसाचा कोपरा सर्वांत शेवटी हलवावा आणि सर्वांत आधी लावावा. कितीही काम निघो, संध्याकाळी हरिपाठाला बसण्यापुरती जागा रोज झाडून मोकळी करावी. ती जागा हेच त्या घराचे गर्भगृह.

तिसरी गोष्ट, वसुबारसेला थापी खाली ठेवावी. आपली दिवाळी भिंतीच्या पूजेने सुरू होत नाही, गाय-वासराच्या पूजेने सुरू होते; म्हणजे आईच्या आणि लेकराच्या. पुढे पाडवा नवराबायकोचा, बीज बहीणभावाची. दिवाळीचा एकेक दिवस एकेका नात्याला वाटून दिलेला आहे. त्यात भिंतीचा दिवस कोठेच नाही. म्हणून त्या दिवशी गवंड्याचा हिशेब चुकता करावा, त्याच्या लेकरांसाठी फराळाचा डबा द्यावा, आणि दुपारच्या आत त्याला वाटेला लावावे. काम राहिले तर राहू द्यावे. त्यावर धुतलेला पडदा सोडावा, पुढे रांगोळी काढावी. पाहुणा शहाणा असेल तर त्याला पडदा दिसणार नाही. शहाणा नसेल तर संगमरवरातही तो खोडच काढील.

चौथी गोष्ट, कामाचा अंदाज काढण्यापूर्वी कार्तिकीच्या वाटखर्चाचे पैसे वेगळ्या गाठीला बांधावेत आणि त्या गाठीला हात लावू नये. लक्ष्मीपूजनापासून एकादशी अकराव्या तिथीला येते. या अकरा तिथींत 'पुढच्या वर्षी' हा शब्द घरात कोणी उच्चारू नये. म्हाताऱ्या माणसाला पुढचे वर्ष दाखवणे म्हणजे दुसऱ्याच्या खिशातले पैसे दान करणे होय. आणि हो, लेकरांना चार विटा आणि दोन घमेली वाळू न मागता द्यावी. किल्ल्यावर मावळे उभे राहिले म्हणजे घर किती सजते, ते आम्हांला आता अंगण रिकामे झाल्यावर कळते.

सज्जन हो, आईची ती खोली आम्ही त्रिपुरी पौर्णिमेनंतर नीट करून घेतली. सात दिवस पाणी मारले, महिनाभर सुकू दिली, मग चुना दिला. ती भिंत अजून कोरडी आहे. परसातली विटांची थप्पी मात्र आम्ही काढली नाही. काम संपल्यावर उरलेल्या विटा विकून टाकाव्यात असे घरात सर्वांचे म्हणणे होते. आईच म्हणाली, 'राहू दे, बसाया बरी हाय.' आता संध्याकाळी आम्ही तेथे बसून हरिपाठ म्हणतो. दरवर्षी कार्तिकीला गेलो की दर्शनाच्या रांगेत एकच गोष्ट मनात घोळत असते. समोर आलो, डोके विटेवरच्या पायांवर ठेवले, की तो निरोप पुन्हा सांगतो: देवा, आईला यावयाचे होते, पसारा तिचा नव्हता, आमचा होता.

आपल्या घरात आज जे म्हातारे माणूस असेल, त्याला आज रात्री जेवताना विचारा, 'यंदा पंढरीला यायचं ना?' आणि उत्तर येईपर्यंत भिंतीकडे पाहू नका.

बोला, पुंडलीक वरद हरि विठ्ठल! श्रीज्ञानदेव तुकाराम!